हरळीची हद्दपारी

गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी भाची म्हणाली, "मामा, मोदकाची पिठी मिळाली, नारळ मिळाले, पण दूर्वांचं काय करायचं ते तुम्हीच सांगा." गाव होतं हेंडरसन, नेवाडा राज्यातलं, लास वेगासला खेटून असलेलं. दिवस मावळला होता, तरी पारा सदतिसाच्या खाली उतरायला तयार नव्हता. गल्लीत दुतर्फा नव्या धाटणीची घरं, आणि एकाही घरापुढे गवताची काडी नाही. अंगणभर बारीक तपकिरी खडी, तिच्यात हात-दोन हात अंतर ठेवून लावलेली झुडपं, आणि प्रत्येक झुडपाच्या बुंध्याशी गेलेली करंगळीएवढी काळी नळी.

दूर्वा सापडल्या, त्या तिच्याच परसात. ठिबकची एक तोटी गळत होती, तिच्याखाली खडीतून वाट काढून चार हिरवे तुरे वर आले होते. मी खाली वाकून पाहिलं आणि हसू आलं. हरळी! आमच्या बार्शीकडच्या काळ्या रानात वडील जिला खणून काढायला दर उन्हाळ्यात गडी लावायचे, तीच. एक कांडी राहिली तरी पावसाळ्यात बांध पुन्हा हिरवा करणारी. अमेरिकन माणूस हिला बर्म्युडा ग्रास म्हणतो. नाव बर्म्युडा बेटांचं असलं तरी ही मूळची जुन्या जगातली, आपल्याकडची. वेगासच्या गोल्फ मैदानांत आणि बागांत तिला मान आहे, घरांपुढच्या जुन्या लॉनमध्ये तिच्या जोडीला फेस्क्यू नावाचं थंड हवेचं, जास्त तहानेलं गवत असतं. लॉन काढून टाकणाऱ्यांना तिथले जाणकार पहिला सल्ला देतात तो असा: आधी बर्म्युडा मुळासकट मारा, नाहीतर खडीतून परत येईल. भाचीच्या परसात ती तशीच परत आली होती. एकवीस दूर्वा पुऱ्या झाल्या.

पण गल्लीत गवत का नव्हतं, याचं उत्तर माणसांच्या आवडीत शोधू नये. ते नियमात आहे. लास वेगास ज्या क्लार्क काउंटीत येतं तिथे २००३ सालापासून नव्या घराच्या दर्शनी अंगणात हिरवळ लावायला बंदी आहे. मागच्या परसात त्या वेळी निम्म्यापर्यंत मुभा ठेवली होती. पुढे २०२१ मध्ये सदर्न नेवाडा वॉटर ऑथॉरिटी या पाणी प्राधिकरणाने धोरण आणखी आवळलं: नव्या बांधकामात हिरवळ हवी असेल तर ती शाळा, सार्वजनिक बाग किंवा स्मशानभूमीसाठी. त्याच वर्षी नेवाडाच्या विधिमंडळाने असेंब्ली बिल ३५६ मंजूर केलं आणि जूनमध्ये गव्हर्नर स्टीव्ह सिसोलॅक यांनी त्यावर सही केली. रस्त्यांच्या दुभाजकांत, दुकानांच्या दारांत, वसाहतींच्या फाटकांशी जी हिरवळ नुसती शोभेला आहे, जिच्यावर कोणी खेळत नाही की बसत नाही, तिला ३१ डिसेंबर २०२६ नंतर कोलोरॅडो नदीचं पाणी द्यायचं नाही, असा हा कायदा. स्वतंत्र घरांच्या परसातली जुनी लॉनं त्यातून वगळली आहेत. 'बिनकामाचं गवत' अशी कायदेशीर जात तयार करणारं राज्य माझ्या तरी ऐकण्यात पहिलंच.

गंमत म्हणजे 'लास वेगास' या स्पॅनिश नावाचा अर्थच कुरणं. वाळवंटाच्या मधोमध इथे जिवंत झरे होते, त्यांच्या काठाने गवत माजायचं. सदर्न पायूट लोक त्या पाण्यावर राहिले, नंतर व्यापारी तांडे थांबू लागले, मग रेल्वे आली आणि १९०५ च्या मे महिन्यात रेल्वेने भूखंडांचा लिलाव करून गाव वसवलं. गावाने विहिरी पाडल्या, उपसा वाढला, झरे खोल गेले. १९६२ साली झऱ्यांचं पाणी जमिनीवर यायचं थांबलं. ज्या कुरणांवरून नाव पडलं ती संपली, आणि गावाने बाहेरून आणलेल्या पाण्यावर दुसरी, कापडासारखी कातरलेली कुरणं दारोदार अंथरली.

हे बाहेरचं पाणी म्हणजे कोलोरॅडो नदी, हूवर धरण आणि त्याच्या मागचा लेक मीड. शहराचं सुमारे ९० टक्के पाणी तिथून येतं. नदीची वाटणी सात राज्यांच्या १९२२ च्या करारात ठरली. पुढे १९२८ च्या कायद्याने खालच्या तीन राज्यांचे वाटे पक्के केले. कॅलिफोर्नियाला ४४ लाख एकर-फूट, ॲरिझोनाला २८ लाख आणि नेवाडाला ३ लाख. आपल्या हिशेबात नेवाडाचा वाटा साधारण १३ टीएमसी होतो. पुण्याचं एक वरसगाव धरण भरेल इतका. तेव्हा नेवाडात माणसंच नव्हती, म्हणून कोणी भांडलं नाही. आज त्याच १३ टीएमसीवर तेवीस लाखांचं महानगर उभं आहे, आणि वर्षाला चार कोटींच्या आसपास पाहुणे येऊन जातात.

२००२ साली नदीचा येवा सरासरीच्या साधारण पाव हिश्शावर आला. त्याच वर्षी वेगासने आपल्या वाट्यापेक्षाही जास्त पाणी वापरलं होतं. प्राधिकरणाच्या प्रमुख तेव्हा पॅट मुलरॉय होत्या. १९९३ ते २०१४ अशी एकवीस वर्षं त्या खुर्चीवर बसलेल्या, पाण्याच्या राजकारणातल्या करड्या बाई. दर्शनी लॉनवरची बंदी त्यांच्या काळातली. लेक मीडची पातळी पुढे उतरतच गेली. २०१५ मध्ये जलाशयाच्या तळाजवळून पाणी ओढणारा तिसरा बोगदा सुरू केला, २०२० मध्ये त्यावर खोल पातळीचं उपसा केंद्र बसवलं. जुलै २०२२ मध्ये पाणी १,०४० फुटांच्या आसपास आलं, धरण पहिल्यांदा भरलं त्यानंतरची नीचांकी पातळी. भरल्या जलाशयाची खूण १,२२९ फुटांवर. मधला फरक कडेच्या खडकांवर पांढऱ्या पट्ट्यासारखा उमटलेला आहे. मी पाहिला तेव्हा वाटलं, चुन्याची भिंत अर्धवट रंगवून गवंडी जेवायला गेलेत.

आता या सगळ्यातला जो मुद्दा कळायला मला दोन दिवस लागले, तो सांगतो. पहिल्या दिवशी मी भाचीच्या घरी सवयीने अर्ध्या बादलीत अंघोळ उरकली. ती म्हणाली, "मामा, इथे आत कितीही पाणी वापरा, ते मोजतच नाहीत." मला आधी ती अमेरिकन माजाची भाषा वाटली. मीटर तर होता. पण नदीच्या हिशेबात ते खरंच धरलं जात नाही. शहरातलं घरात वापरलेलं जवळजवळ सगळं पाणी गटारातून शुद्धीकरण केंद्रात जातं, तिथे साफ होऊन लास वेगास वॉश या ओढ्याने परत लेक मीडमध्ये पोचतं. जेवढं परत गेलं तेवढं पुन्हा उचलायची मुभा नेवाडाला आहे. म्हणजे मोरीतलं, संडासातलं, धुण्याभांड्याचं पाणी हे उसनवारीचं. आज घेतलं, उद्या फेडलं. अंगणात शिंपडलेलं पाणी तेवढं परत येत नाही. ते आभाळात जातं. शहराच्या पाण्यातला सुमारे ६० टक्के वापर घराबाहेरचा, म्हणून तेवढाच खर्च आणि तिथेच कात्री.

हे एकदा कळलं की वेगासविषयीच्या निम्म्या तक्रारी गळून पडतात. बेलाजिओ हॉटेलसमोरची नाचणारी कारंजी पाहून कुठलाही मराठी माणूस कळवळतो, मीही कळवळलो. ती कारंजी नदीच्या पाण्यावर चालत नाहीत. तिथे पूर्वी ड्यून्स नावाचं हॉटेल आणि गोल्फ मैदान होतं, त्याच्या विहिरीचं पाणी वापरतात. मोठ्या हॉटेलांत हजारो माणसं रोज टब भरून अंघोळी करतात, आणि ते पाणी परत तलावात जातं. खरा खाऊ होता तो मध्यमवर्गीय घरापुढचा, शनिवारी यंत्र फिरवून कापायचा, एरवी कोणी पाय न ठेवणारा हिरवा चौकोन.

तो किती खातो हे प्राधिकरणाने अनेक वर्षं मीटर लावून मोजलं. एक चौरस फूट हिरवळीला वर्षाला ७३ गॅलन, म्हणजे सुमारे २७५ लिटर. त्याच जागी वाळवंटी झुडपं आणि ठिबक असेल तर १८ गॅलन, म्हणजे ७० लिटरच्या आत. मी पाकिटाच्या पाठीवर गणित मांडलं. २७५ लिटर प्रति चौरस फूट म्हणजे वर्षाला जवळपास तीन मीटर उंचीचा पाण्याचा थर. आपला ऊस, ज्याच्या नावाने आपण इतका कंठशोष करतो, तो साधारण दोन ते अडीच मीटर पितो. वेगासला पाऊस पडतो वर्षाला चार इंच. आमच्या माणदेशात, जिथे दुष्काळ पाचवीला पुजलेला, तिथेही त्याच्या चौपट पडतो. चार इंच पावसाच्या गावाने दारादारात उसापेक्षा तहानेलं पीक घेतलं होतं, आणि त्यातून गूळही निघत नव्हता.

बंदी नव्या घरांना. जुन्या घरांना आमिष. १९९९ पासून प्राधिकरण लॉन काढणाऱ्याला चौरस फुटामागे रोख पैसे देतं. डॉलरच्या आत सुरू झालेला हा दर २०१८ मध्ये तीन डॉलरवर गेला. आजवर वीस कोटी चौरस फुटांहून जास्त हिरवळ उखडली गेली. साडेचार हजार एकरांवर. पण पैसे घेऊन नुसती खडी ओतली तर चालत नाही. झाडं पूर्ण वाढल्यावर त्या जागेचा किमान निम्मा भाग त्यांच्या पानांखाली झाकला गेला पाहिजे, पाणी ठिबकनेच द्यायला हवं, मातीवर आच्छादन हवं. ही निम्म्या सावलीची अट मला सगळ्यात शहाणपणाची वाटली.

आणि लावतात काय? इथे मला दुसऱ्यांदा हसू आलं. रोपवाटिकेत भाचीबरोबर गेलो. पहिल्याच रांगेत मातीच्या कुंड्यांत हारीने मांडलेली घायपातं. आमच्याकडे बांधावर लावतात, दोर वळतात, पाहुण्यांना दाखवत नाहीत. पुढे फड्या निवडुंग, लहान-मोठ्या मापांत. त्यापुढे पिवळ्या-केशरी फुलांची लँटाना, म्हणजे आपली घाणेरी, टणटणी म्हणा. सह्याद्रीत वनखातं जिला उपटून थकलं, ती इथे डॉलर मोजून विकत घ्यायची. आणि सावलीसाठी मेस्क्विट, आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण. ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडांतली. आपल्याकडे ती परकी म्हणून बदनाम झाली, तिथे ती घरची. आपली हरळी तिकडे जाऊन माजली, त्यांची घायपातं इकडे येऊन बांधावर बसली. प्रत्येक झाडाला आपापलं गाव असतं हे नर्सरीवाला सांगत नाही. पाण्याचं बिल सांगतं.

नियम पाळले जातात का, हेही पाहिलं. प्राधिकरणाच्या मदतीने पाणीपुरवठा संस्थांची माणसं गाडीतून गल्लोगल्ली फिरतात. पाणी फुटपाथवरून वाहताना दिसलं की चित्रीकरण करतात, आधी ताकीद, मग दंड, आणि दर खेपेला दंड दुप्पट. हिवाळ्यात आठवड्यातून एक दिवस पाणी द्यायचं, वसंतात आणि शरदात तीन दिवस, उन्हाळ्यात भर दुपारी तुषार चालवायचे नाहीत, रविवारी तर बारमाही सुट्टी. कोणत्या घराचा कोणता वार हे भाचीच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं, संकष्टीच्या तारखांच्या शेजारी. २०२२ मध्ये काउंटीने नव्या घरांच्या पोहण्याच्या तलावांवरही ६०० चौरस फुटांची मर्यादा घातली. २०२३ च्या कायद्याने तर टंचाईच्या काळात एका घराला वर्षाला अर्धा एकर-फूट एवढीच कमाल ठरवायचा अधिकार प्राधिकरणाला मिळाला. ऐकायला फार कडक. हिशेब केला तर दिवसाला जवळपास सतराशे लिटर. चौघांच्या घराला आपल्याकडच्या १३५ लिटरच्या मापाने ५४० लागतात. तेव्हा फार हळहळू नये.

शेजारच्या कॅलिफोर्नियाने दुसरी वाट धरली. तिथे बंदीपेक्षा अंदाजपत्रक आहे. त्या राज्याची पाणी वाचवणाऱ्या बागांची आदर्श नियमावली १९९० च्या दशकात आली. १ एप्रिल २०१५ रोजी गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरा नेवाडा पर्वतातल्या एका बर्फ मोजायच्या ठिकाणी उभे राहिले, जिथे त्या दिवशी बर्फच नव्हतं, आणि तिथूनच त्यांनी सक्तीची पाणीकपात जाहीर केली. त्याच वर्षअखेरीस नियमावली घट्ट झाली. नव्या घराची बाग ५०० चौरस फूट किंवा अधिक असेल तर आधी कागद करायचा: त्या गावच्या हवेत वर्षभर हिरव्यागार गवताला किती पाणी लागलं असतं, ते काढायचं, आणि त्याच्या ५५ टक्क्यांत सगळी बाग बसवायची. लॉन हवंच असेल तर लावा, पण त्याने खाल्लेलं पाणी दुसऱ्या कोपऱ्यातून वाचवून दाखवा. छोट्या बागांसाठी सोपा पर्याय आहे, त्यात हिरवळ एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको आणि झुडपांखाली तीन इंच आच्छादन. बे एरियात आपली मराठी घरं कमी नाहीत. तिथल्या एका जुन्या मित्राने या कागदाचं वर्णन केलं, "अरे, बागेचं इन्कम टॅक्स रिटर्न."

ॲरिझोनातल्या टूसॉनविषयी थोडंच, पण सांगायलाच हवं. तिथे २०१० पासून नव्या घराच्या नळकामात अंघोळीचं आणि धुण्याचं पाणी वेगळं काढून बागेला देता येईल अशी सोय ठेवावी लागते. त्याच शहरात ब्रॅड लँकेस्टर नावाच्या गृहस्थाने १९९० च्या दशकात आपल्या घरासमोरच्या रस्त्याची काँक्रीटची कड परवानगी न घेता कापली. पावसाचं वाहून जाणारं पाणी झाडांच्या आळ्यात वळवलं. काही वर्षांनी पालिकेने ती युक्ती कायदेशीर केली. पाणी अडवा, पाणी जिरवा ही आपली घोषणा आपण एसटीच्या मागे रंगवली. त्यांनी फुटपाथ कापला.

वेगासचा हिशेब जमला, हे आकडेच सांगतात. २००२ नंतरच्या वीस वर्षांत लोकसंख्या साडेसात लाखांनी वाढली आणि नदीतून होणारा निव्वळ वापर जवळपास एक तृतीयांशाने घटला. तरी मला दोन-तीन गोष्टी खटकल्या, त्या लपवत नाही. लॉनचे तुषार बंद केल्यावर त्या पाण्यावर पोसलेली जुनी झाडं अनेक वसाहतींत वाळली. गवत काढायचा हुकूम झाला, झाडाला स्वतंत्र नळी द्यायची राहिली. आणि ७ जुलै २०२४ ला याच शहरात पारा ४९ अंशांच्या जवळ पोचला होता. तिथे वाळलेलं झाड म्हणजे माणसांच्या डोक्यावरचं गेलेलं छप्पर. काहींनी पळवाट म्हणून प्लॅस्टिकचं गवत घातलंय. दुपारी त्यावर अनवाणी पाय टेकवून पाहावा, मी टेकवला.

दुसरं म्हणजे, वाचलेलं पाणी नदीत कायमचं राहील असं नाही. त्यावर नव्या वसाहतींचे नकाशे मंजूर होतात. आणि तिसरं सगळ्यात जड. कॅलिफोर्नियातल्या एकट्या इंपीरियल खोऱ्याच्या शेतीचा कोलोरॅडोवरचा हक्क ३१ लाख एकर-फुटांचा आहे. म्हणजे १३५ टीएमसी, आपल्या कोयनेपेक्षा जास्त, नेवाडाच्या दहापट. त्यातलं बरंच अल्फाल्फाच्या, म्हणजे आपल्या लसूणघासाच्या शेतांत जातं. गृहिणीच्या अंगणातली हरळी मोजायला माणूस फिरतो, घासाच्या शेतापुढे सगळे वाटाघाटींच्या टेबलावर बसतात. ऊस आणि साखर कारखाना पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

परत आलो आणि आठवलं, महाराष्ट्रात गवताच्या पाण्यावर एकदा मोठा वाद झाला होता. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली जलदूत रेल्वे लातूरला पोचली, आणि दुसऱ्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. मैदानांवर ओतलं जाणारं पाणी हा मुद्दा होता. सामने गेले, पावसाळा आला, वाद मिटला. तेव्हा आपण नियमाऐवजी शिक्षा निवडली, तीही एका हंगामापुरती.

मी पुण्याच्या वेशीवर ज्या वसाहतीत राहतो तिथे दोन इमारतींच्या मध्ये देखणं लॉन आहे. 'पाय ठेवू नये' अशी पाटी आहे. नेवाडाच्या कायद्याच्या व्याख्येत ते अगदी चपखल बसतं. ताबा देताना सांगितलं होतं की लॉनला सांडपाणी शुद्ध करून दिलं जाईल. शुद्धीकरण यंत्रणा विजेचं बिल परवडत नाही म्हणून बहुतेक दिवस बंद, बोअर फेब्रुवारीत आटते, आणि मे महिन्यात सकाळी फाटकात टँकर उभा असताना आतल्या बाजूला तुषार फिरत असतात. आमचं घरातलं सांडपाणीही परत येतं, पण वेगासच्या अर्थाने नाही. ते मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या उजनीत जातं, आणि माझे भाऊबंद ते पितात. साफ करून सोडलं असतं तर तीच उसनवारी, तीच परतफेड झाली असती.

वेगासची खडी आणि निवडुंग इथे आणून टाका असं मी म्हणत नाही. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत का होईना, पण पडतो. कडुनिंब, बहावा, आपटा, शमी यांना दोन उन्हाळे सांभाळलं की पुढे ती स्वतःचं बघतात. नियम जुन्या घरांवर लादणं अवघड असतं, हेही तिथेच पाहिलं. त्यांना वीस वर्षं पैसे मोजावे लागले. नव्या घराच्या नकाशावर तोच नियम एका ओळीत लिहिता येतो, आणि त्याला खर्च येतो शून्य.

तेव्हा या दिवाळीत पाडव्याचा मुहूर्त धरून कोणी नवं घर बुक करणार असाल, तर एवढं करा. माहितीपत्रकातल्या त्या हिरव्यागार चित्रावर बोट ठेवा आणि विचारा, मे महिन्यात हिला पाणी कुठून देणार? उत्तर लेखी घ्या.